एका माणसाचो फेरो

ओंकार : ‘एकच माणूस आसा, तासाभराचो फेरो दाखवन हाड,’ असां सांगल्यान माका फेलिसिदाद मावशीन. ता माणूस तू आसंस ह्या नाय सांगल्यान. सांगल्यान असता तर मी कोटात पायच ठेवूक नसतंय.

स्वप्ना : ती कशी सांगेल? तिला मी कोण ते माहीतच नाही. होमस्टे बुक करताना नावसुद्धा वेगळं दिलं मी.

ओंकार : म्हणजे खोटा बोलान इलंस.

स्वप्ना : आणि तू? दीड महिना फोन करतेय तुला. उचलत नाहीस. म्हटलं, सुशांतच्या भावाला बोलायचं नसेल, पण गाईडला गिऱ्हाईकाशी बोलावंच लागतं.

ओंकार : नाय लागणा. ह्या बग, मी चललंय.

स्वप्ना : जा. मावशीला काय सांगशील? मे महिन्यात म्हणे एका पाहुण्याला तळ्यात ढकललंस.

ओंकार : ढकलूक नाय. तो दगडार खिळ्यान बायलेचा नाव कोरी होतो. मी हात धरलंय, तो आपसूक पडलो.

स्वप्ना : चहा देताना सांगत होती, आणखी एक तक्रार आली तर दुसरा कुणी बघेन म्हणून.

ओंकार : तुका नेमका व्हया काय?

स्वप्ना : फेरा. तिच्या पाटीवर लिहिलाय तसा. कोट, तळं, वीरगळ, शाळेची पाटी, आणि वर तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरचं युद्धस्मारक.

ओंकार : शेवटचा तिना आपल्या मनान लिवल्यान. मी थंय कोणाक नेयत नाय.

स्वप्ना : मग बाकीचं दाखव.

ओंकार : एक तास. मधी घरातला काय एक काढूचा नाय. आणि माका नावान हाक मारूची नाय, मॅडम.

स्वप्ना : बरं.

ओंकार : तर मॅडम, आपण आता कोटाच्या मुख्य दरवाजात उभे आहोत. समोरची कमान जांभ्या दगडाची आहे. उजवीकडे पहारेकऱ्यांची देवडी. इथून खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत दिसत असे. हा कोट नेमका कुणी बांधला याबद्दल जाणकारांत एकमत नाही. काही काळ तो पोर्तुगीजांकडे होता, नंतर...

स्वप्ना : ‘जाणकारांत एकमत नाही.’

ओंकार : काय झाला?

स्वप्ना : हे सुशांतचं वाक्य आहे. रजेवर होता तेव्हा वहीत लिहून काढलं सगळं, आणि मला फोनवर वाचून दाखवलं. ‘आमचा धाकटा सुट्टीत माडावर चढून लोकांची शहाळी पाडतो, त्याला कामाला लावतो’ म्हणाला.

ओंकार : मी काय सांगलंय तुका? घरातला काढूचा नाय.

स्वप्ना : विचारलं नाही मी काही. नुसतं सांगितलं.

ओंकार : पायाखालती बग. शेवाळ आसा.

स्वप्ना : हे तळं?

ओंकार : होय मॅडम. हे तळं कोटाच्या आतलं एकमेव गोडं पाणी. कोट सोडून जाताना पोर्तुगीजांनी यात दोन तोफा टाकल्या असं म्हणतात.

स्वप्ना : खरंच आहेत?

ओंकार : नाय. मी बुडी मारून बगलंय. चिखल आसा आणि एक बालदी.

स्वप्ना : मग लोकांना का सांगतोस?

ओंकार : बालदी बगूक कोण येतलो?

स्वप्ना : हसलास तू. अगदी त्याच्यासारखा... राहिलं. नाही काढत.

ओंकार : तू अजून पुस्तकातला बोलतंस. दादान इतक्या शिकयल्यान तरी.

स्वप्ना : समजतं सगळं. तोंडात येत नाही. बाबांच्या बँकेच्या बदल्यांत वाढले मी, जळगाव, नगर, शेवटी सावंतवाडी. सुशांत म्हणायचा, तू मालवणी बोललीस की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटतं.

ओंकार : व्हय, ता बरोबर आसा.

स्वप्ना : आता तू काढलंस घरातलं.

ओंकार : ... फुडे चल. हंयसून चढ आसा.

स्वप्ना : शाळा का सोडलीस रे?

ओंकार : ता ह्या फेऱ्यात येयत नाय.

स्वप्ना : सरांच्या अंगावर माईक फेकलास म्हणे.

ओंकार : सावंतवाडीपर्यंत बातमी गेली? अंगार नाय फेकलंय. दर झेंड्याक माका पुढल्या खुर्चेर बसयत. ‘आता आपल्या गावच्या शहीद जवानाचा धाकटा भाऊ दोन शब्द बोलेल.’ पयल्या खेपेक बोललंय. टाळये पडले. दुसऱ्या खेपेक सरांनी तोच कागद हातात दिल्यानी. टाळये परत पडले, त्याच वाक्यार, थंयच. तिसऱ्या खेपेक माईक खाली टाकलंय. तो सरांच्या पायार पडलो. पाय थंय कित्या ठेवल्यानी?

स्वप्ना : आणि आता रोज एकच पाठ म्हणतोस.

ओंकार : ह्यातले मेलेले जुने आसत. तेंका कोण वळखणा नाय.

स्वप्ना : हे तीन दगड वीरगळ का?

ओंकार : दोन वीरगळ. मॅडम, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला दगड. साधारण सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई. हा तलवारवाला आपला वीर, ह्या शत्रूच्या होड्या. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. सर्वांत वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतोय. म्हणजे खालती मेलो, मधी नेलो, वरती बसलो. एवढो सगळो हिशेब एका दगडात.

स्वप्ना : त्याचं घर कुठाय?

ओंकार : कसला घर?

स्वप्ना : आई, बायको. कुणीच नाही का दगडात?

ओंकार : नाय. तो तिसरो दगड बग, कोपरापासून हात कोरलेलो. हातात चुडो. तो सतीचो.

स्वप्ना : म्हणजे बायकोला दगड मिळतो, पण आधी जळावं लागतं.

ओंकार : तेव्हाची रीत. मी काय करू?

स्वप्ना : आणि जिचं फक्त ठरलेलं होतं, तिला?

ओंकार : तिचो दगड नाय.

स्वप्ना : तेच म्हटलं.

ओंकार : चल, उन्हात उभी रवा नको. आता जुनी शाळा, आणि फेरो संपलो.

स्वप्ना : किती चालायचं?

ओंकार : ह्या काय, वयीच्या पल्याड. सांबाळून, काटे आसत.

स्वप्ना : ही संगमरवरी पाटी?

ओंकार : होय मॅडम. सरकारने पहिल्या महायुद्धानंतर बसवली. ‘या गावातून एकोणीस माणसे महायुद्धात गेली. त्यांपैकी तिघांनी प्राण दिले.’ मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे तेवढाच मजकूर.

स्वप्ना : नावं?

ओंकार : नाय. निसतो आकडो.

स्वप्ना : गावात कुणाला माहीत असतील ना?

ओंकार : देवळात गाऱ्हाणी घाली होतो त्या म्हाताऱ्या महादूकाकाक इचारलंय मी. तो म्हणालो, सोळा जण परत इले, बसऱ्याहून, पण त्यातल्या एकानंय कोणाक काय सांगूक नाय. बाकीचे तीन कोण, कोणाच्या घरातले, कोणाकच खबर नाय. आता पोरां पाटयेर चड्डये सुकत घालतत.

स्वप्ना : तू हे सगळ्या पाहुण्यांना सांगतोस?

ओंकार : नाय. लोक फोटो काढतत आणि शहाळा खंय मिळात ता इचारतत. झालो फेरो. मॅडम, काही शंका?

स्वप्ना : एक. वर तिठ्यावर काय आहे?

ओंकार : बस थांबता थंय.

स्वप्ना : ओंकार, माझ्या पिशवीत नारळ आहे.

ओंकार : कित्याक?

स्वप्ना : माझं लग्न ठरलंय. तुळशीची लग्नं झाली की पुढच्या गुरुवारी.

ओंकार : कोण आसा तो?

स्वप्ना : गुरांचा डॉक्टर. बेळगावला असतो.

ओंकार : बरा. तीन वर्सां थांबलंस, मगे म्हशीवाल्याचो नंबर लागलो.

स्वप्ना : किती वर्षं थांबायला हवं होतं? सांग ना. तुझ्या त्या पाटीवर लिहितात तसा एक आकडा सांग, म्हणजे मला कळेल.

ओंकार : माका काय इचारतंस? मी कोण?

स्वप्ना : तू त्या घरातला उरलेला एकटा पुरुष आहेस, म्हणून तुलाच विचारते. साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या रवळनाथापुढे नारळ ठेवला होता. महादूकाकांनी गाऱ्हाणं घातलं, या दोघांचा संसार होऊ दे म्हणून. आठवतं?

ओंकार : मी घंटा वाजवी होतंय.

स्वप्ना : तो शब्द देवापुढे तसाच उभा आहे. डॉक्टरच्या आईचं म्हणणं, ज्या घरानं तो दिला त्या घरानं परत उचलायला हवा, मग सून दारात घेईन.

ओंकार : ती म्हातारी देवाक कोर्ट समाजता.

स्वप्ना : समजू दे. माझा असल्या गोष्टींवर काही विश्वास नाही.

ओंकार : मगे नारळ घेवन कित्या फिरतंस?

स्वप्ना : निमित्त मिळालं म्हणून. गाऱ्हाण्यात नाव घेतात ना, ही कोण, कुठल्या घरची. मला एकदा, फक्त एकदा, तुमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून ते मोठ्यानं ऐकायचंय. की मी होते. मग मी जाते.

ओंकार : आयेकडे जा.

स्वप्ना : गेले होते. गणपती झाल्यावर. त्यांनी दार उघडलं, बघितलं, आणि लावून घेतलं. आतून म्हणाल्या, ‘लगीन झाला नाय, तू आमची कोण?’

ओंकार : ती सगळ्यांवांगडा तशीच बोलता आताशा. माझ्यावांगडा तर बोलतच नाय. जेवण वाढता आणि दुसऱ्या खोलयेत जावन बसता.

स्वप्ना : रोज?

ओंकार : दोगांचा घर आसा, आणि दोन खोलये. पुरतत.

स्वप्ना : त्या दिवशी त्याला तिरंग्यातून आणलं तेव्हाही हेच झालं. पोलिसांनी विचारलं, घरची माणसं कोण कोण, दोरीच्या आत घ्यायला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. चूक नव्हती त्यांची. पण गावातल्या दोनशे माणसांत मी पण एक माणूस होऊन उभी राहिले. सगळी फुलं टाकत होती, मी पण लांबून टाकली. माझी पोचली नाहीत.

ओंकार : शाळेच्या नळाकडे.

स्वप्ना : काय?

ओंकार : नळाकडे उभी होतंस. पांढरो ड्रेस. एका चपलेचो अंगठो तुटलेलो, ती हातात धरलेली.

स्वप्ना : तू पाहिलं होतंस मला?

ओंकार : माझ्या हातात झेंडो दिलेल्यानी, घडी घातलेलो. मान हलवू नको म्हणान सायबान सांगलेल्यान. तरी मान वळवून बगलंय. सांगूचा होता, ‘वयनी थंय आसा, तिका आत घेवा.’ एवढाच. तोंडार इला होता.

स्वप्ना : मग?

ओंकार : मगे काय. आये ओरडत होती. तुझा नाव काढलंय तर आणखी ओरडात म्हणान भियालंय. झेंडो घट धरलंय. परत बगलंय तर नळाकडे कोण नाय.

स्वप्ना : एका रिक्षावाल्यानं सोडलं मला स्टेशनला. काही विचारलं नाही त्यानं.

ओंकार : म्हणान फोन उचलूक नाय. माका वाटला, ताच इचारतलंस. माका बगून पण गप कित्या रवलंस म्हणान.

स्वप्ना : तू बघितलंस हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं, तिथे मला कुणी पाहिलंच नाही.

ओंकार : मी बगलंय.

स्वप्ना : चौदा वर्षांचा होतास तू.

ओंकार : चौदा वर्सांच्याक एक वाक्य बोलूक येता. दी ती पिशवी. जड आसा.

स्वप्ना : कुठे जायचं? देवळात?

ओंकार : देवळात बायका आसत, घटकेभरात आयेक कळात. तिठ्यार जावया. देव काय खंयसूनय आयकता.

स्वप्ना : तू नेत नाहीस ना कुणाला तिथे?

ओंकार : चल म्हटलंय ना. चप्पल काढ, पायरी इली.

स्वप्ना : ओंकार... सुशांतच्या पुतळ्याला ही मिशी कुणाची?

ओंकार : मूर्ती करणाऱ्याची हौस. फोटोत नाय म्हणान सांगलंय मी. तो म्हणालो, जवान आसा, मिशी व्हयीच. आयेन पण म्हटल्यान, असांदे.

स्वप्ना : त्याला धड मिशी येत नव्हती. तीन महिने वाढवली तर आंब्याच्या कोयीसारखी दिसत होती.

ओंकार : हळू हस. समोर दुकान आसा.

स्वप्ना : नाक पण त्याचं नाही. कान मात्र... कान अगदी तसेच आहेत.

ओंकार : माझे आसत.

स्वप्ना : म्हणजे?

ओंकार : फोटोत टोपी होती, कान दिसत नाय होते. ‘भाऊ आहे ना, बसव त्याला,’ म्हणालो तो. दोन दिवस स्टुलार बसयल्यान माका. फीत लावन मापां घेतल्यान. आता गावातले लोक हात जोडतत थंय, त्यात दादाचा निसता नाव आसा. मिशी कोणाची, नाक कोणाचा, कान माझे. मी कोणाक काय म्हणान दाखवू?

स्वप्ना : इकडे बघ. माझ्याकडे.

ओंकार : नको. नारळ काढ. शेंडी ठेवलंस? बरा.

स्वप्ना : महादूकाका येतील का? त्यांना येतं ना नीट.

ओंकार : तेची वाचा गेली, पावसाळ्यात. बिछान्यात आसा. आता गाऱ्हाणा घालूक माकाच व्हया. आणि माका एकच येता.

स्वप्ना : कुठलं?

ओंकार : दादा रजा संपवन जाय तेव्हा काका घाली होतो, ता. आयकान आयकान पाठ झाला. त्यातच वायच बदलतंय. मी थांबलंय की तू ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा. मोठ्यान. रेडिओसारख्या नको.

स्वप्ना : म्हणते.

ओंकार : बा देवा रवळनाथा म्हाराजा, बारा वाडयांच्या राखणदारा.

स्वप्ना : व्हय म्हाराजा.

ओंकार : आज ही स्वप्ना तुझ्यापुढे उभी आसा. आमच्या घरातली ठरलेली सून. माझ्या भावाची व्हतली बायल, माझी वयनी. गावान बगलेली, आमी बगलेली.

स्वप्ना : ...

ओंकार : म्हण ना.

स्वप्ना : व्हय... व्हय म्हाराजा.

ओंकार : माझ्या भावाच्या नावान जो शब्द तुझ्यापुढे ठेवलेलो, तो आज आमच्या घरान उचललो. हिच्या पायात काय एक अडकांदे नको. आमच्या आयेचो हिच्यावर राग नसांदे, आणि असलो तर तो माझ्यार येवंदे.

स्वप्ना : असं नको म्हणू.

ओंकार : मधी बोलूचा नसता.

स्वप्ना : व्हय म्हाराजा.

ओंकार : हिका बरा घर मिळांदे. त्या डॉक्टराच्या म्हशी जगांदे. डॉक्टराच्या आवशीक वायच अक्कल येवंदे.

स्वप्ना : ओंकार.

ओंकार : व्हय म्हण.

स्वप्ना : व्हय म्हाराजा.

ओंकार : आता ही परमुलखात जाता. वाटेत खंय खोटी होवंदे नको. थंडीवाऱ्यापासून राख. अन्नापाण्याक कमी पडांदे नको. आणि सुखरूप...

स्वप्ना : काय झालं?

ओंकार : फुडचा नाय लागणा. ता दादासाठीचा होता.

स्वप्ना : काय आहे पुढे?

ओंकार : ‘आणि सुखरूप परत घराक येवंदे.’ चार खेपेक आयकल्यान देवान. पाचव्या खेपेक दादार बर्फ कोसळला. तू काय परत येवची नाय. हंय तुझा घर खंय आसा? मीच आता ता मोडलंय.

स्वप्ना : तरी म्हण.

ओंकार : चुकीचा गाऱ्हाणा घालूचा नसता.

स्वप्ना : मी व्हय म्हणेन. तू म्हण.

ओंकार : ... आणि सुखरूप परत घराक येवंदे.

स्वप्ना : व्हय म्हाराजा.

(नारळ पायरीच्या कडेवर फुटतो. पाणी दगडावरून मातीत उतरतं.)

ओंकार : एका घावात फुटलो. बरो असता असो.

स्वप्ना : अर्धा तू ठेव.

ओंकार : घरात नेलंय तर आये इचारीत, खंयचो. तूच ने.

स्वप्ना : त्यांना सांग, मी आले होते.

ओंकार : सांगतंय.

स्वप्ना : खरंच?

ओंकार : आज सांगतंय. जेवण वाढताना. उठून गेली तर दाराकडे उभो रवान सांगतंय.

स्वप्ना : सावंतवाडीची गाडी किती वाजता?

ओंकार : साडेअकराक. हंयच थांबता, त्या फणसाखाली. वीस मिनटां आसत अजून.

स्वप्ना : तोपर्यंत थांबतोस?

ओंकार : नाय.

स्वप्ना : वीसच मिनिटं, ओंकार.

ओंकार : गाडी सुटताना माका बगूक जमणा नाय. तू सावलेत बस. कोटाच्या दरवाजाकडे चार माणसां इली असतली, तेंका पयल्यापासून सगळा सांगूचा आसा. मी जातंय, वयनी. माका आता जावकच व्हया.